साडेपंधरा हिमोग्लोबिनचा सत्कार

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या सुकदेवला महिलांच्या आरोग्याची काळजी लागली ती एका मंगळवारी सकाळी, पेपर वाचताना. त्याआधी ती त्याला कधी लागल्याचं कुणाला आठवत नाही. मागच्या गल्लीतल्या मंडळाने मोतीबिंदूचं शिबिर घेतलं होतं आणि त्याचा फोटो गुजराती पेपरात छापून आला होता. फोटोत मोतीबिंदूवाला म्हातारा एकही नव्हता, नुसते पदाधिकारी होते, आणि नेमकं तेच सुकदेवच्या जिव्हारी लागलं. तो तापीकाठ खान्देशी मित्र मंडळाचा सेक्रेटरी. दिवसभर सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कापडाच्या गाठी ट्रकमध्ये चढवून घ्यायच्या आणि संध्याकाळी समाजकार्य करायचं, असा त्याचा नेम. माइक हातात आला की तो आधी मराठीत बोलायचा आणि लगेच त्याचंच गुजराती करायचा, त्यामुळे त्याचं कुठलंही भाषण इतरांच्या दुप्पट लांब व्हायचं.

तो पेपर घडी घालत होता तेवढ्यात बायको, रंजना, दळणाचा डबा घेऊन तिसरा मजला चढून आली आणि दारातच बसली. थोडा वेळ तिला बोलताच आलं नाही.

"ललितना पप्पा," ती म्हणाली, "माले एक डाव दवाखानामा ली चाला. जिना चढस तं डोयासमोर अंधारी येस. आन् महिनानं ते बी आठ-आठ दिन थांबत नही."

सुकदेवने चटकन आजूबाजूला पाहिलं. घरात त्याची आई उषाबाई सोडून कुणी नव्हतं, तरीही त्याला अवघडल्यासारखं झालं. असल्या गोष्टी बाईने नवऱ्याला सांगू नयेत असं नाही, पण निदान चहाच्या वेळी सांगू नयेत, असं त्याचं मत होतं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"दवाखाना कसाले?" तो म्हणाला. "आपुनच शिबिर लेऊत. महिलास्नं! तुन्हं बी तठेच व्हई जाई."

रंजनाने हो म्हटलं. नवऱ्याने आपल्यासाठी एवढं मोठं काही काढावं याचं तिला बरंही वाटलं, हे इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. ती शिबिराची वाट पाहू लागली.

मंडळाची बैठक अध्यक्ष सुपडूअण्णांच्या ओट्यावर झाली. अण्णा म्हणजे लूमवर कामगार पुरवणारे ठेकेदार, वजनदार माणूस, आणि हे दोन्ही अर्थांनी. महिला आरोग्य हा विषय असल्यामुळे बैठकीला सगळे पुरुष होते. पहिला प्रश्न निघाला तो बॅनरचा. त्यावर पदाधिकाऱ्यांचे चेहरे किती आणि कुठल्या आकाराचे, यावर रात्रीचे दिवे लागेपर्यंत चर्चा झाली. निंबा नावाचा एक उत्साही सभासद म्हणाला की एखादी बाई पण पाहिजे, शिबिर बायांचं आहे. यावर नवाच पेच उभा राहिला. कुणाची बायको टाकायची? घरातल्या बायांचे फोटो असे चौकात लटकवणं बरं दिसत नाही, असं अण्णांनी सुनावलं. शेवटी छपाईवाल्यानेच मार्ग काढला. बॅनर लागला तेव्हा वर सगळी कार्यकारिणी हात जोडून उभी होती आणि खाली कोपऱ्यात सोनेरी केसांची एक गोरी बाई दुधाचा ग्लास धरून हसत होती. ती कोण, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. "डॉक्टरीण शे," असं निंबा सांगायचा.

तपासणीची व्हॅन एका ट्रस्टची होती. ट्रस्टचे भूपेंद्रभाई मोठे सज्जन गृहस्थ. त्यांची अट एकच, किमान दोनशे बेनो, म्हणजे बाया, पाहिजेत. वर मोकळंढाकळं हसून ते म्हणाले, "तमारी पेली मोटी रोटली खाधी नथी हजी, सुकदेवभाई!"

मोटी रोटली म्हणजे मांडे. झालं! खान्देशी माणसाला कुणी मांडे मागितले की त्याला पुढचं काही ऐकू येत नाही. पाहुण्याला पुरणाचे मांडे, त्याबरोबर कटाची रसई, कुरडया, आमरस. त्यात काही कमी पडलं तर समाजाची इज्जत तापीत. आणि मांडे काही केटररकडून येत नाहीत. कणीक तिंबून, हातावर झेलत झेलत ताटाहून मोठी करायची आणि चुलीवरच्या उलट्या मातीच्या खापरावर टाकायची, हे सुरतेत जन्मलेल्या पोरींना जमत नाही. ते जमतं चाळिशी-पन्नाशीच्या बायांना. म्हणजे ज्यांना तपासायचं होतं, नेमक्या त्यांनाच. ही अडचण बैठकीत कुणाच्याच लक्षात आली नाही, कारण लक्षात आणून देणाऱ्या सगळ्या आपापल्या घरी भाकरी टाकत होत्या.

मांडवाच्या परवानगीचं प्रकरण वेगळंच. सुकदेव एका कचेरीत गेला, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "महिला कार्यक्रम छे, तो आयोजक महिला क्यां छे?" सुकदेवने तिथल्या तिथे रंजनाला आयोजक करून टाकलं. मग रस्त्यावर खापर पेटणार म्हणून आगीची परवानगी, माइक लागणार म्हणून आवाजाची, व्हॅन उभी राहणार म्हणून वाहतुकीची. प्रत्येक कचेरीत एक साहेब जेवायला गेलेला आणि दुसरा त्याची वाट पाहत बसलेला. सुकदेवने कामावरून इतक्या वेळा दांडी मारली की मॅनेजरने त्याला बोलावून विचारलं, घरात कुणी आजारी आहे का? "छे छे," सुकदेव अभिमानाने म्हणाला, "महिला आरोग्य!"

शेजारच्या लीलाबाई मराठवाड्यातल्या, तोंडाने फटकळ. त्या रंजनाला म्हणाल्या, "शिबिराची कशाला वाट बघता, वहिनी? चला की माझ्यासंगं, दवाखाना हाय तिथं कोपऱ्यावर."

"थांबा ना," रंजना म्हणाली. "ह्यास्नी एवढी धावपळ कयी. आते मी दुसरीकडे गऊ तं चांगलं दिसावं नही."

शिबिराचा रविवार उजाडला. बाया भल्या पहाटे खापरांपाशी बसल्या होत्या. मांडवात गाद्या-तक्के, पाहुण्यांचा सोफा, दीपप्रज्वलन. व्हॅनमधून डॉक्टरीणबाई वेळेवर उतरल्या आणि त्यांना शाल देऊन पहिल्या रांगेत बसवण्यात आलं. त्या पुन्हा पुन्हा "आपण सुरू करूया का?" असं विचारत होत्या, आणि प्रत्येक वेळी सुकदेव त्यांना "बस, आता एकच मनोगत" असं सांगत होता. सुपडूअण्णा स्त्री ही शक्ती आहे यावर बोलले. निंबा स्त्री ही देवी आहे यावर बोलला. आणखी तिघे स्त्री ही माता आहे यावर बोलले. मुख्य विषयावर सुकदेव स्वतः बोलला, पण पाळी हा शब्द माइकवर काढायची हिंमत न झाल्याने तो "महिलांच्या त्या ज्या काही, आपण समजू शकता अशा, बाबी" असं म्हणाला, आणि मग त्याचंच गुजराती केलं. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि स्वतःच उठून टेबलाशी गेल्या.

टेबल होतं, सुया होत्या, नळ्या होत्या. बाया नव्हत्या. मांडवामागून धूर आणि पुरणाचा वास तेवढा येत होता. सुकदेव मागे धावला. रंजना खापरासमोर घामाने निथळत बसली होती, दोन्ही हातांवर मांडा झेललेला.

"चाल ना, तपासनं शे ना?"

"हाऊ मांडा टाकू का तपासू?" ती म्हणाली. "अर्धा पाहुणा बाकी शेत. तुम्ही म्हना तं उठस."

सुकदेवने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पुरणाच्या परातीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "राहू दे. जेवणं आटपू दे."

इकडे भूपेंद्रभाईंचा चेहरा उतरायला लागला होता. दोनशे बेनो नाहीत तर ट्रस्टच्या अहवालात काय लिहायचं, पेपरवाला कशाचा फोटो काढणार? तेव्हा सुपडूअण्णांनी सुकदेवला बाजूला घेतलं. मंडळाचं नाव राखायचं तर आता पुरुषांनी पुढे व्हायला हवं, असं ते गंभीरपणे म्हणाले. रक्त काय, रक्तच असतं. नळीवर नाव बायकोचं टाकायचं. नवरा-बायको एकच, असं लग्नात भटजींनीच सांगितलेलं आहे.

डॉक्टरीणबाईंना तेवढ्यासाठी मुद्दाम मांडे खायला बसवलं. नळ्या भरणारा माणूस ठेक्यावरचा होता. त्याला नळ्या भरलेल्या हव्या होत्या, पुढे बाई असो की बाप्या. नावं मतदारयादीतून काढली. हां हां म्हणता रांग लागली. एरवी सुई पाहून पळणारे गडी बाह्या सरसावून उभे राहिले. निंबाने आईच्या नावाने रक्त दिलं. त्याची आई सुभद्राबाई वारून वर्षं झाली होती, पण यादीत होती, आणि एवढ्या गर्दीत नाव वाया कशाला घालवायचं? रंजनाच्या नावाने अर्थातच सुकदेवने दंड पुढे केला. सुई टोचली तेव्हा आपण बायकोसाठी काहीतरी सोसतो आहोत असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे पाणावले.

जेवणं उरकली. रंजनाने हाताची कणीक धुतली, पदराने तोंड पुसलं आणि हळूहळू चालत टेबलाशी आली. नळीवाला सामान आवरत होता.

"नाम?"

तिने सांगितलं. त्याने मोबाइलवर पाहिलं. "तमारुं तो थई गयुं, बेन. एक नाम पर एक ही बार."

"मन्हं कसं व्हयनं? मी आतेच उनू."

सुकदेव शेजारीच उभा होता. दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला. त्याने बाही खाली केली आणि गुजरातीत आभारप्रदर्शन सुरू केलं.

रंजनाने तो बोळा पाहिला होता. घरी गेल्यावर हा काहीतरी बोलेल, निदान "उद्या दवाखान्यात जाऊ" एवढं तरी म्हणेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी सुकदेव पेपरात आलेला फोटो लॅमिनेट करून घ्यायला गेला.

मग रिपोर्ट आले. संपूर्ण परिसरात असं रक्त कुठल्याच बायांचं निघालं नव्हतं! भूपेंद्रभाईंनी फोन करून सांगितलं, "खानदेशनी बेनो तो बहु मजबूत!" स्वर्गवासी सुभद्राबाईंची तब्येत उत्तम होती. रंजनाचं हिमोग्लोबिन साडेपंधरा, सगळ्या बायांमध्ये पहिला नंबर. साखर मात्र भयंकर वाढलेली होती.

लीलाबाई शेवटी रंजनाला ओढून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. शिबिराचे रिपोर्ट तिथल्या कॉम्प्युटरवरही चढले होते. तिथल्या मुलीने नाव टाकलं आणि तिचे डोळे विस्फारले. "साडेपंधरा? बेन, मारुं पण एटलुं नथी!" लोहाच्या गोळ्या ज्यांचं कमी आहे त्यांनाच, असं तिने समजावलं. रंजना म्हणाली, पण ते माझं नाही. मुलगी हसली. कॉम्प्युटरमध्ये तुमचंच आहे. वर तिने रंजनाला गोड बंद करायला सांगितलं आणि साखरेच्या तपासणीची तारीख दिली.

घरी उषाबाईंनी सूत्रं हातात घेतली. सुनेच्या चहातली साखर बंद, भात बंद, सकाळी कारल्याचा रस. शेजारणींनी मेथी, जांभळाच्या बिया, कडुलिंब असं सुचेल ते आणून दिलं.

"आत्याबाई, मी रगत दिधंच नही," रंजना म्हणाली.

"मंग काय कंप्युटर खोटं बोलस का?" उषाबाई म्हणाल्या. "सुकदेव, तू सांग इले."

सुकदेव तेव्हा बशीत चहा ओतत होता, दोन चमचे साखरेचा. गेले काही महिने त्याला फार तहान लागायची, रात्री उठावं लागायचं, पण ते उन्हाळ्यामुळे असणार असं त्याने ठरवलं होतं. "डॉक्टरनं ऐकाले पाहिजे," तो पुटपुटला. रंजनाने त्याच्याकडे पाहिलं आणि कारल्याचा रस एका दमात पिऊन टाकला. खरं सांगायचं तर त्या क्षणी सुकदेवला लाज वाटली. पण आता सांगायचं म्हणजे मंडळाचं नाव जाणार, ट्रस्टची फजिती होणार, अण्णा तोंड पाहणार नाहीत. एवढ्या मोठ्या गोष्टींपुढे थोडं कारलं चालण्यासारखं होतं.

त्यातच अण्णांनी सत्कार समारंभ काढला. ज्या बाईचं रक्त सर्वांत चांगलं तिला 'आरोग्यवती' किताब, शाल, श्रीफळ आणि मानपत्र. भूपेंद्रभाईंच्या हस्ते. सूत्रसंचालन, सुकदेव. रंजना नको म्हणाली. सुकदेव म्हणाला, नुसतं वर यायचं, शाल घ्यायची, खाली जायचं, बोलायचं काही नाही.

त्या संध्याकाळी मांडव खचाखच भरला होता. बाहेर ट्रस्टची व्हॅन उभी होती आणि डॉक्टरीणबाईंनाही पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. या वेळी बाया पुढे बसल्या होत्या, कारण चहा आणि समोसे विकतचे होते. सुकदेवने आवाज चढवून नाव पुकारलं. निरोगी नारी, निरोगी घर, आमच्या समाजाचं भूषण, असं काय काय तो म्हणाला. रंजना उठली आणि स्टेजच्या पायऱ्या चढू लागली. पायऱ्या मोजक्याच होत्या, पण अर्ध्यावर ती थांबली, कठडा धरला आणि मटकन तिथेच बसली. लोक टाळ्या वाजवत होते. हळूहळू टाळ्या विरल्या.

लीलाबाई धावल्या. रंजनाने त्यांना हाताने थांबवलं, दम घेतला, उरलेल्या पायऱ्या चढली आणि सुकदेवच्या हातातला माइक काढून घेतला. तो इतका चकित झाला की सोडून मोकळा झाला.

"हाई रगत मन्हं नही शे," ती म्हणाली. "ज्यानं शे त्याले शाल द्या. मी तवय मांडा करी ऱ्हायंथू. आठे बठेल एकबी बाईनं रगत कोनी लिधं नही."

पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सुपडूअण्णांना अचानक खोकला आला. भूपेंद्रभाईंना अहिराणी येत नव्हती. ते कौतुकाने मान डोलावत सुकदेवकडे झुकले. "बेन शुं कहे छे?"

सुकदेवने आयुष्यभर जे काम केलं होतं ते आता करायचं होतं. त्याने रंजनाकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात तिचे ओठ पांढरे दिसत होते. ते तसे कधीपासून होते, कुणास ठाऊक. त्याने पाहिलं आजच. घसा खाकरून तो म्हणाला, "बेन कहे छे के... बेन सौनो आभार माने छे."

"खोटुं ना बोलो," रंजना म्हणाली.

भाजीवाल्यांशी, दूधवाल्यांशी, शाळेतल्या बेनशी इतकी वर्षं कोण बोलत होतं? तिचं गुजराती सुकदेवपेक्षा कितीतरी सफाईदार होतं, ते फक्त कधी माइकवर आलं नव्हतं. भूपेंद्रभाईंकडे वळून ती शांतपणे बोलली, "साहेब, ए लोही मारुं नथी, मारा घरवाळानुं छे. साकर पण एमनीज छे. मारुं लोही हजी कोईए लीधुं नथी. तमारी गाडी बहार ऊभी छे ने? तो हमणां ज लो."

आणि ती पाहुण्यांच्या सोफ्यावर, भूपेंद्रभाईंच्या शेजारी, बाही वर करून बसली.

डॉक्टरीणबाई या वेळी कुणाच्या परवानगीसाठी थांबल्या नाहीत. स्टेजवरच नळी भरली. मग लीलाबाई वर आल्या, मग आणखी एक, मग सगळी रांग. सुपडूअण्णांना तातडीचा फोन आला आणि ते मांडवामागच्या बोळातून निघून गेले. निंबाला कुणीतरी विचारलं, तुझी आई कुठाय? तोही गेला.

रंजनाचं हिमोग्लोबिन सव्वापाच निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्या रात्रीच तिला मोठ्या दवाखान्यात भरती करायला लावलं. "एवढ्यावर ही बाई चालत होती?" त्या सुकदेवला म्हणाल्या आणि स्वतःच पुढे म्हणाल्या, "चालत नाही, मांडे करत होती." गर्भाशयात गाठी होत्या, त्याचं पुढे बघू, पण आधी रक्त चढवायला हवं होतं, आणि त्याच्या बदल्यात कुणीतरी रक्त द्यायला हवं होतं.

सुकदेवने कार्यकारिणीला फोन लावले. नळ्या भरताना रांगेत धक्काबुक्की करणारे तेच गडी. एकाला उपास होता, एकाला बारीक ताप होता, एक सापुताऱ्याला होता आणि मागे त्याच्याच गिरणीचा भोंगा वाजत होता. अण्णांचा फोन बंद. खाटेवर रंजना डोळे मिटून पडली होती. सुकदेव तिच्याजवळ गेला. त्याला खूप काही बोलायचं होतं, पण एकाही भाषेत जमेना.

"घाबरू नको," तो शेवटी म्हणाला. "मी देस तुले रगत."

रंजनाने डोळे उघडले, त्याला नीट न्याहाळलं आणि पुन्हा मिटले.

रक्तपेढीतल्या डॉक्टरने त्याचं बोट टोचलं, यंत्रात पाहिलं आणि पुन्हा एकदा टोचून पाहिलं.

"काका, साखर केवढी आहे तुमची! औषध घेता की नाही? तुमचं रक्त नाही चालायचं."

"अहो, असं कसं?" सुकदेव काकुळतीला येऊन म्हणाला. "बायकोसाठीच पाहिजे. मागच्या वेळी तर चाललं होतं!"

"मागच्या वेळी कुणाला दिलं होतं?"

सुकदेवने बाही खाली केली.  दारात लीलाबाई आपल्या नवऱ्याचा हात धरून उभ्या होत्या, त्याला जवळजवळ ओढतच आणलं होतं त्यांनी.

"सरका, भावजी," त्या म्हणाल्या. "ह्याचं घ्या, डॉक्टर. आणि ह्याच्याच नावानं घ्या."